रंकाळा, परताळा, कळंबा: पाण्याकाठचे पक्षी (हिवाळ्याचा धागा)

परताळाकाठ:
थंडी पडली की तेच प्रश्न परत येतात. रंकाळ्यावर कुठे उभं राहायचं, काय काय दिसतं, दुर्बीण कोणती घ्यायची. म्हणून मला माहीत आहे ते एका जागी लिहून ठेवतो. ज्यांना जास्त ठाऊक आहे त्यांनी भर घाला.

कोल्हापुरात पक्षी म्हटलं की लोक थेट दाजीपूर नाहीतर आंबा घाट गाठतात. ती जंगलं मोलाचीच आहेत. पण आपलं शहर मुळात तळ्यांचं. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ, कपिलतीर्थावर मंडई बसली, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. जी गेली ती गेली. जी उरली आहेत त्यांच्यावर अजूनही दर हिवाळ्यात हजारो मैल उडून आलेली बदकं उतरतात, आणि त्यासाठी घरून निघून दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तळ्यावरचे बहुतेक पक्षी काठावर जगतात. काठ म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यामधला तो उथळ, चिखलाचा, गवताळ पट्टा. शेकाट्याचे पाय जेवढे लांब तेवढ्याच पाण्यात तो उतरतो. हळदीकुंकू बदक, तलवार बदक, भुवई बदक ही बुडी मारून तळ गाठणारी बदकं नव्हेत. ती शेपूट वर करून डोकं खाली घालतात आणि मान पुरेल तिथपर्यंतच चरतात. पाणी हातभरापेक्षा खोल झालं की तळाशी असलेलं खाणं त्यांच्या आवाक्याबाहेर जातं. पाणलावा ओल्या चिखलात चोच खुपसून किडे काढतो. जिथे दगडी भिंत उभी आहे आणि भिंतीला लागूनच पाणी खोल आहे, तिथे या सगळ्यांना काही मिळत नाही. तिथे दिसतात पाणकावळे आणि टिबुकल्या, कारण त्या बुडी मारतात. जिथे काठ अजून कच्चा आहे तिथे तो तसाच ठेवावा असं मी म्हणतो ते याचसाठी.

म्हणून रंकाळ्याच्या चौपाटीवरून तासभर बघितलं तरी चार-सहा जातींपुढे यादी सरकत नाही, आणि पल्याडच्या अंगाला, जिथे पाणी उथळ होत गवतात आणि शेतात शिरतं त्या परताळ्यात, अर्ध्या तासात वही भरते. सकाळी चौपाटीकडून पश्चिमेला बघावं, ऊन पाठीवर असतं आणि रंग नीट दिसतात. परताळ्यात सूर्य डोळ्यांवर येणार नाही अशी जागा धरून थांबावं. थांबावं हे महत्त्वाचं. चालत राहिलात तर पक्षी तुमच्या पुढे पुढे सरकत राहतात. एका जागी वीस मिनिटं बसलात की गवतातून एकेक बाहेर येतो.

परताळ्यात मला सगळ्यात जास्त वेळ कमळपक्ष्यापाशी जातो. तांबूस-कांस्य रंगाचे पंख, काळी चकचकीत मान, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी रेघ. बोटं आणि नखं इतकी लांब की शरीराचं वजन दोन-तीन पानांवर वाटलं जातं आणि पान बुडत नाही. पाऊल उचलताना तो बोटं मिटतो, टाकताना पसरतो. याचा संसार उलटा आहे. मादी आकाराने मोठी, ती एकाहून जास्त नरांबरोबर राहते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. धोका वाटला की नर पिल्लांना पंखांखाली घेऊन चालू लागतो, आणि तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंनी पिल्लांचे लांब पाय लोंबताना दिसतात. हे पावसाळ्यात बघायला मिळतं, हिवाळ्यात मोठी झालेली पिल्लं दिसतात, पोटाखाली पांढरी.

भुवई बदकांबद्दल एक सूचना. पुस्तकात नराच्या डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असते, ती शोधत नोव्हेंबरमध्ये जाल तर निराश व्हाल. हिवाळ्याच्या सुरुवातीला नर मादीसारखाच मातकट असतो, भुवई उठून दिसते ती परतीच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारीपासून. तोवर चेहऱ्यावरच्या गडद-फिकट पट्ट्या आणि उडताना दिसणारा राखी-निळसर खांदा यावर ओळखायचं.

कळंब्याला उन्हाळा जवळ आला की जास्त मजा. पाणी मागे सरतं, कात्यायनीच्या डोंगराकडून ओढे येतात त्या अंगाला चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाटे, धोबी तिथे जमतात. राजाराम तलाव जरा मोकळा. तिथे दुपारी बदकं मध्यावर थव्याने बसलेली दिसतील. ती तिथे विश्रांती घेतात, चरायला संध्याकाळनंतर काठाकडे येतात.

पेठेतली:
छान लिहिलंय. मी सकाळी सासूबाईंना घेऊन चौपाटीवर फिरायला जाते. पाण्यात काळे पक्षी खूप असतात, बदकासारखे, पण कपाळ पांढरं. उडायच्या आधी पाण्यावरून धावतात. कोण ते? आणि जांभळा मोठा पक्षी दिसतो तो त्यांच्यातलाच का?

परताळाकाठ:
ताई, पांढऱ्या कपाळाचा तो वारकरी. बदक नाही, पाणकोंबड्यांच्या घराण्यातला. त्याच्या बोटांना पाकळ्यांसारख्या झालरी असतात, त्यामुळे पोहता येतं. अंग जड म्हणून पाण्यावर धाव घेतल्याशिवाय हवेत उठता येत नाही.

काळसर आणि कपाळ-चोच लाल, चोचीचं टोक पिवळं, कुशीवर पांढरी तुटक रेघ, चालताना शेपूट वर झटकतो, तो साधा पाणकोंबडा. तुम्ही म्हणता तो जांभळा मोठा म्हणजे जांभळी पाणकोंबडी. तिला जरा वेळ द्या. पाणकणसाचा (काठच्या पाण्यात उगवणारं उंच गवत) दांडा ती एका पायात पकडून चोचीपर्यंत उचलते आणि आतला मऊ गाभा सोलून खाते.

रातढोकरी:
दुर्बिणीचं मी सांगतो, दुकानात लोक फसतात म्हणून. 8×42 यात 8 म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा गोल तेवढ्या मिलिमीटरचा. खिशात मावणाऱ्या 8×21 मध्ये तोच गोल जेमतेम अडीच मिलिमीटरचा होतो, म्हणून पहाटे तिच्यातून सगळं काळोखं दिसतं. आणि पक्षी तर पहाटेच बघायचे असतात. वीस पट, तीस पट लिहिलेल्या दुर्बिणींच्या नादी लागू नका. हात हलतो तोही तितक्याच पटीने मोठा दिसतो. तळ्यासाठी 8×42 किंवा 10×42, बास.

घेतल्यावर एक काम करा. उजवं भिंग झाका, डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असतो तो यात भरून निघतो. कित्येकांना ती कडी कशासाठी आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं, आणि ते दुर्बिणीने डोकं दुखतं म्हणून ती कपाटात ठेवून देतात. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दुमडा.

वरलामळा:
आमचं शेत हाय तळ्याच्या वरल्या अंगाला. पक्षी बगाय येणारी मानसं बांधावरनं जात्यात, त्यांचं काय न्हाई. पर ती जांभळी कोंबडी भाताचं लई नुकसान करती. लावणी झाली की कोवळी रोपं उपटून टाकती, खाती थोडं आन् नासती जास्त. ऊस हाय तितं तरास न्हाई. तुमी म्हणताय काठ तसाच ठेवा, मग आमी काय करायचं?

परताळाकाठ:
दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते बोलायलाच पाहिजे. तो पक्षी रोपं उपटतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला मारता किंवा पकडता येत नाही, हेही आहे. पण नुकसान मुख्यतः लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतं. रोप धरलं, वाढलं की कमी होतं. तेवढे दिवस पाण्याकडच्या बांधावर सकाळ-संध्याकाळ राखण आणि चमकत्या पट्ट्या हा उपाय लोक करतात. पट्ट्यांची जागा अधूनमधून बदलावी लागते, नाहीतर पक्षी सरावतात. पाणकणीस पार कापून काढलं की त्यांचं हक्काचं खाणं जातं आणि त्या आणखी शेताकडे वळतात, म्हणून पाण्याच्या बाजूचा पट्टा राहू दिलेला तुमच्याही सोयीचा.

आणि काठ राखायचा भार एकट्या काठावरच्या शेतकऱ्याने उचलावा असं मी म्हणणार नाही. पक्षी सगळ्या शहराचे असतील तर नुकसानही शहराने वाटून घ्यायला हवं.

वरलामळा:
मारत न्हाई आमी. हाकलतो. पट्ट्या लावून बगतो आवंदा.

साकोलीकर:
मला वेगळं बोलायचंय. केंदाळाबद्दल, म्हणजे जलपर्णीबद्दल. आम्ही रंकाळा केंदाळाने हिरवागार झाकलेला बघितलाय, डास आणि वास घेऊन राहिलोय. आता कुठे पाणी दिसायला लागलं तर तुम्ही म्हणता गवत ठेवा, चिखल ठेवा. पक्ष्यांसाठी माणसांनी परत डास सोसायचे का?

परताळाकाठ:
केंदाळ जायलाच पाहिजे. ते दक्षिण अमेरिकेतून आलेलं झाड, अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट पसरतं. पूर्ण झाकलं की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना जागा राहत नाही. केंदाळावर कमळपक्षी चालतो हे खरं, पण त्याला कमळाची, कुमुदिनीची पानं तितकीच चालतात.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. केंदाळ आणि काठचं पाणकणीस-लव्हाळा यांत फरक करा. यंत्र लावून सगळं सरसकट ओरबाडलं की दोन्ही जातं. दुसरं, काढायचं ते उन्हाळ्यात काढा. टिबुकली, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांची घरटी पावसाळ्यात याच तरंगत्या वनस्पतींवर असतात. टिबुकली तर घरटं सोडताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून ठेवते, बघणाऱ्याला नुसता कचऱ्याचा ढीग वाटतो आणि फावडं त्यावरच पडतं. तिसरं, काढलेलं केंदाळ काठावर कुजत ठेवू नका. त्यातलं खत पहिल्या पावसात परत पाण्यात उतरतं.

मूळ दुखणं सांडपाण्याचं. वसाहतींचं मैलापाणी आणि शेतातलं जादाचं खत यांतून नत्र आणि स्फुरद येत राहतं तोवर केंदाळ काढून भागणार नाही. त्याचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

साकोलीकर:
हे पटतंय. उन्हाळ्यात काढायचा मुद्दा कधी डोक्यात आला नव्हता. पण फिरायला पदपथ तर हवाच ना, म्हाताऱ्या माणसांनी चिखलात चालायचं का?

परताळाकाठ:
हवाच. चौपाटी आहे, उद्यानं आहेत, घाट आहेत, ते असू देत. जिथे काठ आधीच बांधलेला आहे तिथे हवी तेवढी बाकं घाला. जिथे तो अजून कच्चा आहे तो राखा, एवढंच. परताळ्याला भराव घालून, दगड रचून, दिवे लावून चौपाटीची दुसरी आवृत्ती करायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर त्याला आत्तापासून विरोध असला पाहिजे. पाणथळीवर भराव पडला की ती परत मिळत नाही. आणि पावसाचं पाणी आधी तिथे पसरतं, गाळ तिथे बसतो, मगच ते मुख्य तळ्यात जातं. हा पट्टा गेला तर रंकाळ्यात गाळ आणखी वेगाने भरेल. पक्षी नकोत म्हणणाऱ्यालासुद्धा हे परवडणारं नाही.

शाळेतल्या बाई:
आमच्या आठवीच्या मुलांना घेऊन जायचा विचार आहे. नुसतं बघून यायचं की काही नोंद करता येईल, जी पुढे कुणाच्या उपयोगी पडेल?

रातढोकरी:
बाई, जरूर न्या, आणि मोजायला लावा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. आपल्या देशात ती 1987 पासून चालू आहे आणि सामान्य पक्षीनिरीक्षकांच्या जिवावरच चालते. फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची गणना असते, तिच्यात कुणीही कुठूनही भाग घेऊ शकतं. एरवी ई-बर्ड (eBird) या मोफत अ‍ॅपवर नोंद टाकायची. वेळ किती, चाललो किती, आणि दिसलेली प्रत्येक जात, कावळा-साळुंकीसकट. फक्त दुर्मीळ तेवढं लिहिलं तर त्या नोंदीचा उपयोग निम्मा होतो. आज जो पक्षी सर्रास दिसतो तो उद्या कमी झाला, हे कळायला आजचा आकडा लागतो.

थवा मोजायची रीत मुलांना शिकवा. आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवायचं, मग तेवढे तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचं. दोन मुलांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि नंतर आकडे जुळवायचे. मुलांना यात फार रस वाटतो.

परताळाकाठ:
आणखी थोडं, बाई. मुलांना भडक आणि पांढरे कपडे नकोत, मातकट-हिरवट चालतील. खाऊ आणला तर तो पक्ष्यांना टाकायचा नाही. पाव, फरसाण पाण्यात टाकलं की उरलेलं तिथेच कुजतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवायची टूम निघाली आहे, तीही नको. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. खाणं सोडून तो भांडायला येतो, पिल्लं उघड्यावर राहतात.

पहाटवारा:
फोटो काढणाऱ्यांनाही हे सांगा. परवा एकाने बदकांचा थवा उडताना टिपायचा म्हणून पाण्यात दगड मारले. थवा तीनदा उठला, तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. लांबचा पल्ला उडून आलेल्या पक्ष्याला इथे चार महिन्यांत चरबी साठवून परत जायचं असतं. तो उगाच उडतो तेव्हा साठवलेलंच खर्ची पडतं.

एक विचारायचं होतं. मध्ये पाणी हिरवं झालं होतं आणि काठाला मेलेले मासे लागले होते. त्याचा पक्ष्यांना त्रास होतो का? बगळे ते मासे खात होते.

परताळाकाठ:
होऊ शकतो. पाण्यावर रंग ओतल्यासारखा हिरवा थर येतो ते निळं-हिरवं शेवाळ. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच वापरतं. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि मासे बहुधा त्याच वेळी मरतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांना ते दिसतात याचं कारण हेच. या शेवाळाच्या काही जाती विषही सोडतात, म्हणून अशा पाण्यात जनावरं उतरवू नयेत.

पक्ष्यांना खरी भीती बोट्युलिझमची. प्राणवायू नसलेल्या चिखलात एक जिवाणू विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या होतात, त्यांच्यात ते विष साठतं, दुसरा पक्षी त्या अळ्या खातो आणि तोही मरतो. साखळी लागते. 2019 मध्ये राजस्थानात सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते यानेच. अशा पक्ष्याचे आधी पाय आणि पंख लुळे पडतात, मग मान टाकतो. आपल्याकडे तसं झालंय असं मी म्हणत नाही. पण चार-पाच पक्षी एकत्र मेलेले दिसले तर हात लावू नका, फोटो काढा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. मेलेले पक्षी लवकर उचलले की साखळी तुटते. कारण काय ते प्रयोगशाळाच सांगेल, आपण अंदाज पसरवायचे नाहीत.

वरलामळा:
म्हशी पोवायला सोडत हुतो आमी पूर्वी. म्हशीमागं बगळं आन् ती शेपूट हलवणारी बारकी पाखरं लई यायची.

परताळाकाठ:
ती पाखरं म्हणजे धोबी, दादा. म्हशीच्या पावलाने चिखल ढवळतो, गवतातले किडे उडतात, ते टिपायला येतात. पिवळा धोबी, करडा धोबी, दोन्ही हिवाळी पाहुणे. सप्टेंबरात पहिले तेच येतात, बदकांच्याही आधी.

पेठेतली:
सासूबाईंना वारकऱ्याचं दाखवलं, आता रोज त्या मला दाखवतात. कुणी एकत्र जाणार असाल तर आम्हालाही यायचंय. त्यांना फार चालवत नाही, आणि उतारावर हात धरायला लागतो.

परताळाकाठ:
येत्या रविवारी जाऊ. सकाळी साडेसहाला रंकाळा टॉवरपाशी जमायचं. पहिला अर्धा तास चौपाटीवरून वारकरी, पाणकावळे, टिबुकल्या बघू, तिथे बसायला कट्टा आहे. तुम्ही दोघी तिथेच थांबलात तरी चालेल, मी दुर्बीण ठेवून जाईन. बाकीचे परताळ्याकडे जाऊ. पाणी, टोपी, वही आणा. बूट चिखलात जाणार हे धरून घाला. वरलामळा दादा, तुमच्या बांधावरून जायला तुमची हरकत नसेल तर तसं कळवा, नाहीतर आम्ही रस्त्यावरूनच बघतो.

वरलामळा:
या की. इहिरीकडनं या, तिकडनं वाट हाय. भातात तेवढं पाय टाकू नका.